पावसाळाभर उभी राहणारी कॅम्परव्हॅन आणि उंदीर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

तुमची व्हॅन जूनपासून दिवाळीपर्यंत आमच्या मुळशीच्या शेडमध्ये किंवा तुमच्या घरच्या अंगणात उभी राहणार असेल, तर हे पत्रक गाडी जागेवर लावायच्या आधी वाचा. उंदीर एकदा आत शिरून घर करून बसला की आपण महिनाभर त्याच्या मागे पळत राहतो. तो शिरायच्या आधी दोन दिवस मोडले, तर पुढचे चार-पाच महिने घोर राहत नाही.

आमच्या शेडच्या तिन्ही बाजूंना भातखाचरं आहेत. जुलैत खाचरं तुडुंब भरली की बांधातल्या बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर-घुशी कोरडी जागा शोधत वर येतात. ही पहिली लाट. दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. इंद्रायणी भात कापून खळ्यावर गेला की शेतातलं खाणं आणि आडोसा दोन्ही एकदम संपतं, आणि सगळी फौज घरं, गोठे, शेड यांच्याकडे वळते. अशा वेळी आत गाद्या असलेली, अंधारी, कोरडी आणि माणसाचा पाय न लागणारी गाडी समोर उभी असते. शहरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाताऐवजी कचराकुंडी असते, एवढाच फरक.

व्हॅनमध्ये शिरतो तो बहुतेक वेळा घरातला बारका उंदीर. छतावरून, झाडाच्या फांदीवरून येणारा काळा मोठा उंदीरही येतो. घूस सहसा वर चढत नाही, पण शेडची जमीन पोखरते. लांब सोंडेची, ची-ची करत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. ती किडे खाते, वायरी कुरतडत नाही. तिला मारू नका.

पेन्सिल गेली, तर उंदीर गेला

बारक्या उंदराला ६ ते ७ मिलिमीटरची फट पुरते. साधी शिसपेन्सिल घ्या आणि गाडीखाली शिरा. ज्या भोकात पेन्सिल जाते, त्यात उंदीर जातो असं धरून चाला. डोकं गेलं की अंग आपोआप जातं.

हे आम्हाला आमच्याच चुकीतून नीट कळलं. पुण्याच्या एका कुटुंबाची व्हॅन आमच्याकडे पावसाळाभर होती. दारांची रबरं नवी घातली होती, खिडक्या घट्ट होत्या, खाण्याचा कणही आत नव्हता. सप्टेंबरात सिंकखालचं कपाट उघडलं, तर गादीचा फोम मुठीएवढा गोळा करून ठेवलेला, त्यात वर्तमानपत्राच्या चिंध्या, आणि शेजारी पाण्याच्या पंपाची वायर तांबं दिसेपर्यंत सोललेली. वाट कुठली ते शोधायला आम्हाला अर्धा दिवस लागला. सिंकचा ड्रेन पाइप ३२ मिलिमीटरचा, आणि त्याच्यासाठी फरशीत पाडलेलं भोक ४० मिलिमीटरचं. पाइप मधोमध असता तर चारी बाजूंना चार-चार मिलिमीटर उरले असते. तो एका कडेला टेकला होता, म्हणून दुसऱ्या बाजूला सरळ आठ. आणि ते भोक आमच्याच कारागिराने पाडलेलं. दुरुस्ती अर्थातच आमच्या खर्चाने झाली. तेव्हापासून आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक व्हॅनला पाइपाभोवती पत्र्याची चकती रिव्हेट मारून बसवलेली असते. तुमची व्हॅन त्याआधीची असेल, तर ती एकदा घेऊन या. चकत्या आम्ही बसवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

फटी शोधायची आमची रीत अशी. रात्री शेडमधले दिवे घालवायचे. एकाने आत बसून कपाटांची दारं उघडायची आणि फरशीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बॅटरीचा झोत मारायचा. दुसऱ्याने खाली चटई टाकून गाडीच्या पोटाखाली पाठीवर झोपायचं. जिथून उजेड दिसेल तिथे खडूने गोल करायचा. मग जागा बदलायच्या, म्हणजे एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. घरी करणार असाल तर तासाभराचं काम आहे. गॅसपाइप, बाहेरून वीज घ्यायची केबल जिथून आत येते ती जागा, चाकांच्या वरची कमान, क्लच-ब्रेकच्या पेडलमागचं रबरी आवरण, मागच्या दाराचा खालचा कोपरा. खडू बहुतेक इथेच लागतो.

भोक कशाने बुजवायचं

नुसता फोम मारू नका. तो फुगतो, फट भरलेली दिसते, आणि उंदीर दोन रात्रींत त्यातून बोगदा काढतो. भांडी घासायची लोखंडी घासणीही नको. आपल्याकडच्या पावसात ती गंजून तिचा चुरा होतो आणि खाली लाल डाग राहतो. स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची जाळी घ्या, ती भोकात घट्ट कोंबा आणि वरून सिलिकॉन किंवा एम-सील लावा. भोक अंगठ्याएवढं मोठं असेल तर पत्र्याची चकतीच लागते. मच्छरांची नायलॉनची जाळी उंदरासाठी कागदासारखी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गॅस सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला जी भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, आणि त्या भोकांतूनच बाहेर पडतो. उंदराच्या भीतीने ती बंद केलेली गाडी आमच्याकडे आली आहे, आणि ते पाहून आमच्या पोटात गोळा आला होता. तिथे ५ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची स्टीलची जाळी लावा आणि त्यात धूळ अडकू देऊ नका. फ्रिजच्या मागची हवेची खिडकी आणि दारांखालची पाणी निचरायची भोकं यांनाही हाच नियम.

पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, हवा आत घ्यायची जागा असते. तिच्या आत केबिन फिल्टर. ही उंदराची आवडती जागा आहे, आणि त्याला एक आपलं खास कारणही आहे. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, बॉनेटवर अक्षता टाकतो, फुलं वाहतो. त्या अक्षता घरंगळत त्याच जाळीत जातात. पूजा जरूर करा, आम्हीही करतो. फक्त दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून तांदूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढचे साखरफुटाणेही उचला.

आतलं खाणं

तांदूळ, पोहे, शेव, बिस्किटं काढायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. राहून जातात त्या वेगळ्याच गोष्टी : साबणाची वडी, मेणबत्ती, कुत्र्याच्या खाण्याची पिशवी, आसनांच्या फटीत पडलेले शेंगदाणे, मुलांच्या सीटखालचा चुरा. साबण आणि मेण उंदीर खातो. काही आतच ठेवायचं असेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. प्लॅस्टिकचा डबा तो कुरतडतो.

बारका उंदीर पाण्यावाचून बराच काळ काढतो, कोरड्या खाण्यातूनच त्याला पुरेसं मिळतं. म्हणून ‘आत पाणी नाही, तो राहणार नाही’ या भरवशावर राहू नका. गाद्या, उशा, पांघरुणं घरी न्या. कपाटं आणि ड्रॉवर उघडे ठेवा. अंधारा बंद कोपरा नसला की घरटं करायचा मोह कमी होतो, आणि तपासायला आम्हालाही सोपं जातं.

गाडीवर जमिनीपर्यंत लोळणारं कव्हर घालू नका. त्याच्याखाली उंदराला दिवसाढवळ्या फिरायला आडोसा मिळतो. भोवतीचं गवत दोन-तीन हात अंतरापर्यंत कापलेलं असावं आणि लाकडं, पोती, जुने टायर टेकवून ठेवलेले नसावेत.

वास, यंत्रं, औषधं

ग्राहक आम्हाला सर्वांत जास्त याबद्दलच विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फिनेलचे बोळे, पुदिन्याचं तेल, मिरचीपूड : यांतल्या कशावरही आमचा भरवसा नाही. वास चार दिवसांत उडतो किंवा उंदराला त्याची सवय होते. डांबरगोळ्यांचा वास मात्र गाद्यांत महिनोन्‌महिने राहतो, आणि लहान मुलं त्या व्हॅनमध्ये झोपणार असतात. न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रंही आम्ही शेडमध्ये लावून पाहिली. त्यांच्याच शेजारी लेंड्या सापडल्या.

विष आम्ही ठेवत नाही. विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन मरेल याची खात्री नसते. तो प्लायच्या भिंतीमागे मेला तर सगळं फर्निचर उचकटावं लागतं. शेडच्या तुळईवर गव्हाणी घुबडाची जोडी आहे, धामण येते-जाते, शेजाऱ्यांची मांजरं आहेत. विषारी उंदीर खाऊन ती मरतात, आणि उंदरावर खरा वचक त्यांचाच असतो. बाजारात मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरातही आणू नका. तिच्यावर उतारा नाही, आणि ती यकृत निकामी करते. चिकट पुठ्ठेही आम्ही वापरत नाही. जनावर त्यात तासन्‌तास तडफडतं.

आम्ही पिंजरा आणि चाप लावतो. भाजलेलं खोबरं किंवा शेंगदाण्याचा कूट चापाच्या जिभेवर दाबून बसवायचा, नुसता ठेवायचा नाही, नाहीतर तो अलगद उचलून नेतो. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात, जिभेची बाजू भिंतीकडे. गणपतीचं वाहन मारायचं नाही असं काही ग्राहक सांगतात. त्यांच्या गाडीत फक्त पिंजरा लावतो आणि रोज सकाळी पाहतो. गाडी द्यायला याल तेव्हा तसं नक्की सांगा.

आणि रांगोळी. दाराच्या उंबऱ्यावर आणि प्रत्येक चाकाभोवती रांगोळीचा पातळ थर चाळणीने टाकतो. सकाळी त्यावर पावलं उमटलेली असतात, मधून शेपटीची रेघ गेलेली असते. कुठल्या चाकावरून तो चढला ते त्यातून कळतं. दर शनिवारी आम्ही थर नवा करतो आणि फोटो काढून तुम्हाला पाठवतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवतो, म्हणजे वायर कुरतडली गेलीच तरी शॉर्ट होऊन आग लागायची भीती राहत नाही. विम्याच्या पॉलिसीत उंदरांनी केलेल्या नुकसानीबद्दल काय लिहिलंय, ते पावसाळ्याआधी वाचून ठेवा.

गाडी परत नेताना

आमच्याकडून नेताना हे सगळं आम्ही तुमच्यासमोर करतो. घरी उभी असेल तर तुम्ही करा. आधी सगळी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास थांबा. मग बॅटरीच्या उजेडात कपाटांचे कोपरे पाहा. बारक्या उंदराची लेंडी साधारण तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान आणि टोकदार असते. मोठ्या उंदराची सेंटिमीटरभर किंवा जास्त.

लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका, व्हॅक्यूमही नको, धूळ उडून नाकात जाते. हातमोजे आणि मास्क घालून त्यावर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका. ब्लीचमध्ये फिनेल किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हाताला-पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्या. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून आणि कापलेल्या त्वचेतून होतो. नंतर काही दिवसांत ताप, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना उंदराची घाण साफ केल्याचं आवर्जून सांगा.

बॅटरी जोडायच्या आधी इंजिनाचं वायरिंग आणि बॉनेटच्या आतलं अस्तर पाहा. शेवटी गॅस. रबरी नळी पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपा, मागची बाजूही. मग रेग्युलेटर सुरू करून नळीवर आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला, किंवा दाताची एक खूण जरी हाताला लागली, तर सिलिंडर बंद करा आणि नळी बदला. तोपर्यंत शेगडी पेटवू नका, चहासाठीसुद्धा नाही.