साहेबांचं भाषण आणि पाच मिनिटांची भेट

नेतृत्वावरच्या व्याख्यानांत एक समज वारंवार भेटतो: खरा नेता बोलायला उभा राहिला की माणसं पेटून उठतात आणि कामाचा वेग वाढतो. हे प्रयोगाने तपासता येतं आणि तपासलंही गेलंय. भाषणाच्या वाट्याला आलेलं यश मात्र बेताचंच आहे.

१९७८ मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या राज्यशास्त्रज्ञाने नेतृत्वाचे दोन प्रकार मांडले. एक देवाणघेवाणीचं: काम करा, मोबदला घ्या. दुसरं परिवर्तनकारी: माणसाची ध्येयंच बदलणारं, त्याला स्वतःच्या फायद्यापलीकडे पाहायला लावणारं. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बास यांनी ही कल्पना कामाच्या ठिकाणी आणली आणि तिच्या मोजमापासाठी प्रश्नावली तयार केली. मात्र अशा अनेक अभ्यासांत साहेबांना गुण देणारा कर्मचारीच आपण किती समाधानी आहोत हेही सांगतो. ज्याला नोकरी आवडते, त्याला साहेबही आवडतात. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

म्हणून मला मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा २००७ सालचा प्रयोग फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे कर्मचारी. दिवसभर नकार ऐकायचे. जमलेल्या पैशातून कुणाला तरी शिष्यवृत्ती मिळते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो ‘कुणीतरी’ कधी दिसत नसे. संशोधकांनी तीन गट केले. एका गटाने शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याचं पत्र वाचलं आणि मग पाचेक मिनिटं त्याच्याशी समोरासमोर बोलणं केलं. दुसऱ्याने फक्त पत्र वाचलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही.

महिन्याभराने पाहिलं तर भेट झालेल्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला होता, म्हणजे जवळपास अडीचपट. जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. नुसतं पत्र वाचणाऱ्यांत असा फरक दिसला नाही. पगार तोच होता, साहेबही तेच होते.

असं का व्हावं? कामाचं महत्त्व ही प्रेरणेची एक मुख्य बाजू आहे, हे हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांच्या कामाच्या रचनेविषयीच्या १९७६ च्या प्रारूपातही आहे. पण महत्त्व माहीत असणं वेगळं आणि जाणवणं वेगळं. फोन करणाऱ्याच्या कानावर लगेच पडतो तो नकार. चांगला परिणाम दूर कुठेतरी, उशिरा, दुसऱ्याच्या आयुष्यात घडतो. ही साखळी मधेच तुटलेली असते. ग्रँट आणि सहकाऱ्यांच्याच प्रयोगशाळेतल्या जोडप्रयोगांत दोन दुवे सापडले: माझ्या कामामुळे कुणाला तरी फरक पडतो ही जाणीव, आणि त्या माणसाबद्दल वाटणारी आपुलकी. पाच मिनिटांच्या भेटीत दोन्ही दुवे जोडले जातात. शिवाय माझ्या मते विश्वासाचाही प्रश्न आहे. ‘तुमचं काम थोर आहे’ असं साहेब म्हणतात तेव्हा त्यात त्यांचा स्वार्थ असतो, हे ऐकणाऱ्याला कळतं. विद्यार्थ्याला मात्र काहीच विकायचं नसतं.

 

मग साहेबांची गरजच नाही का? आहे. २०१२ मध्ये ग्रँट यांनी हाच प्रश्न विक्री करणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यांवर तपासला. काहींनी संचालकाचं ध्येयाविषयीचं भाषण ऐकलं. काहींना त्यांच्या विक्रीमुळे ज्याची नोकरी चालते असा दुसऱ्या विभागातला सहकारी भेटला. काहींना दोन्ही मिळालं. नुसत्या भाषणाने विक्रीत फारसा फरक पडला नाही. भाषण आणि भेट दोन्ही लाभलेल्यांची विक्री मात्र ठळकपणे वाढली. साहेबांनी कामाचा अर्थ सांगितला होता, आणि त्या अर्थाचा पुरावा स्वतःच्या पायांनी चालत खोलीत आला होता.