चिप सांगते कोण आलं, पहिलं कोण ते फोटो सांगतो

आमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात आता शर्यत रनिंगची असो की सायकलची, बुटाला नाहीतर सायकलला बांधायची वेळ नोंदणारी चिप आलीच, आणि चिप आली की लोकांना वाटतं चला, आता निकालावरनं भांडण नाही, स्क्रीनवर पॉइंटच्या पुढं तीन आकडे दिसतात की. माझं म्हणणं त्या तीन आकड्यांबद्दलच हाय. चिप टायमिंग आणि फोटो फिनिश, म्हणजे लाईनवरच्या खास कॅमेऱ्यानं काढलेला निकालाचा फोटो, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपण दोन्हीला "इलेक्ट्रॉनिक टायमिंग" म्हणून मोकळं होतो आणि त्यात पोरांचं नुकसान होतं.

दोन वर्षांपूर्वी खानापूर रोडला एका सायकल शर्यतीत मी फिनिशला व्हॉलंटिअर होतो. शेवटच्या दोनशे मीटरला दोन पोरं खांद्याला खांदा लावून, स्पीड ५५ च्या आसपास, आणि लाईनवर उभ्या आम्हा सगळ्यांना निळ्या जर्सीवाल्याचं चाक पुढं दिसलं, पण मशीननं दुसऱ्याला पहिला केला. पोरगा माझ्याकडं आला, दम लागलेला, "अण्णा, चाक माझं पुढं होतं की." मी त्याची सायकल बघितली तर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे ती चिपच, पुढच्या फोर्कला, चाक धरणाऱ्या दांड्याला, नव्हताच, कुणीतरी घाईत सीटखालच्या नळीला झिप टायनं बांधलेला. दुसऱ्याचा बरोबर फोर्कला. म्हणजे ह्याची चिप अर्धा मीटर तरी मागं, आणि ५५ च्या स्पीडला सायकल सेकंदाला १५ मीटर जाते, तर अर्धा मीटर म्हणजे ०.०३ सेकंद झाले. मशीनमधला फरक त्याहून कमी होता! मोबाईलचा व्हिडिओ पण बघितला, पण ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये सायकल अर्धा मीटर पुढं सरकते, त्यामुळं एका फ्रेमला दोघं अलीकडं आणि पुढच्या फ्रेमला दोघं पलीकडं. फोटो फिनिशचा कॅमेरा नव्हता, निकाल तसाच राहिला.

चिपला फक्त चिप कळते. रस्त्यावर टाकलेल्या वायरच्या किंवा मॅटच्या अँटेनावरनं ती गेली की तिचा नंबर आणि वेळ नोंद होते. चाक कुठं आहे, छाती कुठं आहे, हे तिला माहीत नसतं. आणि नियम बघायला गेलं तर सायकलला पुढच्या टायरची कड लाईनवर आली तो क्षण धरतात, रनिंगला धड. डोकं, हात, पाय काहीच नाही, फक्त धड. आता चिप बुटाला बांधली असेल तर ती पायाची वेळ देणार, धडाची कशी देणार?

फोटो फिनिशचा कॅमेरा आपल्या कॅमेऱ्यासारखा नसतोच. तो फक्त फिनिश लाईनची एक बारीक उभी पट्टी बघतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवत जातो. त्यामुळं त्या फोटोत डावी-उजवीकडं अंतर नसतं, वेळ असते. ज्याचा पाय लाईनवर टेकून राहिला त्याचा बूट फोटोत लांबच लांब ओढल्यासारखा दिसतो, चाकं अंड्यासारखी दिसतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं फोटो बिघडला. बिघडलेला नसतो, त्यात प्रत्येक उभ्या रेषेला वेळ लिहिलेली असते. १९८४ ला लॉस एंजेलिसला ४०० मीटर हर्डल्समध्ये पी. टी. उषांचं ब्राँझ गेलं ते ५५.४१ आणि ५५.४२ च्या फरकानं, त्या वेगाला ते जेमतेम चार बोटं अंतर भरतं. २०१७ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीच्या सातव्या टप्प्यात तर जर्मनीचा मार्सेल किटेल ०.०००३ सेकंदानं जिंकला, ६ मिलिमीटर. हे चिपच्या हातातलं कामच नव्हे.

मग चिप कशाला, असं कुणी म्हणेल. कारण कॅमेऱ्याला नाव माहीत नसतं. वीस सायकली एका झुंडीत आल्या की बाजूनं घेतलेल्या फोटोत नंबर एकमेकांच्या मागं झाकले जातात, आणि तीन हजार रनर असले तर प्रत्येकाला फोटोत कोण शोधत बसणार. म्हणून दोन्ही जोडायचे. चिप सांगते ह्या सेकंदाला हे पाच नंबर आले, ऑपरेटर फोटोत एकेका टायरच्या कडेवर उभी रेषा आणून ठेवतो आणि त्या पाचातला बरोबर नंबर लावतो. पुढच्या नंबरांची वेळ आणि क्रम फोटोतनं, मागच्या गर्दीची चिपमधनं. फक्त दोन्ही घड्याळं एकाच स्टार्टच्या सिग्नलवर सुटली पाहिजेत, ती वेगवेगळी चालू केली की चिपची यादी आणि फोटो जुळतच नाहीत आणि ऑपरेटर डोकं धरून बसतो. घामानं भिजलेल्या, दाटीनं आलेल्या रनरमध्ये एखादी चिप वाचलीच जात नाही, तेव्हा तो माणूस आला होता हे दाखवायलाही फोटोच कामाला येतो.

कॅमेऱ्याचं भाडं आपल्या गावाकडच्या शर्यतीला जड जातं, मान्य आहे, पण बक्षीस पाच आकड्यांत असेल तर आयोजकांनी एक फ्लेक्स कमी लावावा आणि कॅमेरा आणावाच. मी तेव्हापासनं स्टार्टच्या आधी लाईनीनं उभ्या सायकलींमधनं वाकून फिरतो, प्रत्येक फोर्कला हात लावून ट्रान्सपॉन्डर बघतो, आणि खिशात झिप टायचं पाकीट आणि कात्री असते.