नवीन मोल्ड आला की आम्ही सोळा ट्रायल का घेतो
(इंजेक्शन मोल्डिंग जॉबवर्क, अंबड, नाशिक : ग्राहकांसाठी माहिती)

मोल्ड, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक भरायचा साचा, मशीनवर चढला की बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, "संध्याकाळपर्यंत पीस मिळतील ना?" पीस मिळतात. पण ते सहा महिन्यांनी, भर पावसाळ्यात, रात्रपाळीतही तसेच निघतील का, हे त्या पहिल्या संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आम्ही तुमच्याकडे मशीनचे दोन दिवस आणि थोडं जास्तीचं मटेरियल मागतो.

पूर्वी आम्हीही सगळ्यांसारख्याच ट्रायल घ्यायचो. पीस वाकला तर आधी मोल्डचं तापमान वाढवायचं. उपयोग नाही झाला तर ते परत खाली आणायचं आणि होल्डिंग प्रेशर (मोल्ड भरल्यावर प्लास्टिक दाबून धरणारा दाब) वाढवायचं. मग कूलिंग टाइम, म्हणजे पीस मोल्डमध्ये गार व्हायला दिलेला वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलली की कशामुळे काय झालं ते नेमकं कळतं, असंच आम्ही शिकलो होतो. ऐकायला हे पटतंही. पण त्यात काय निसटतं ते बघा.

ग्लास-फिल्ड (काचेचे तंतू मिसळलेल्या) नायलॉनचं एक चपटं कव्हर घ्या. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवून कोपऱ्याखाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्या) सरकवला की कोपरा किती उचलला आहे ते कळतं. ०.४० मिमीच्या वर गेला तर पीस रिजेक्ट. मोल्ड ६० अंश सेल्सिअसवर आणि होल्डिंग प्रेशर ४०० बार असताना कोपरा ०.६२ मिमी उचलतो. मोल्ड ९० अंशांवर नेला तर ०.७०, म्हणजे आणखीच बिघडलं. तापमान परत ६० वर आणून प्रेशर ६०० केलं तर ०.५८. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. असं वागणारे पीस मात्र आमच्या हातांखालून गेले आहेत.) एकेक गोष्ट बदलणारा माणूस इथे हात टेकतो. तापमानाने नुकसान, प्रेशरने किरकोळ फायदा, तेव्हा दोष मोल्डचाच, पाठवा टूलरूमला. ९० अंश आणि ६०० बार ही जोडी त्याने घेतलेलीच नसते. तिथे कोपरा ०.३४ वर येतो.

कारण साधं आहे. गार मोल्डमध्ये गेट, म्हणजे प्लास्टिक आत शिरायचं तोंड, लवकर गोठतं आणि मग बाहेरून कितीही दाबलं तरी दाब आत पोचत नाही. मोल्ड गरम असला की गेट जास्त वेळ उघडं राहतं आणि वाढवलेला दाब कामी येतो. पण गरम मोल्डमध्ये नायलॉन आकसतंही जास्त, म्हणून दाब कमी ठेवून नुसतं तापमान वाढवलं तर तोटाच होतो. एका गोष्टीचा परिणाम असा दुसरीवर अवलंबून असला की त्याला इंटरॅक्शन म्हणतात. मोल्डिंगमध्ये ते पावलोपावली भेटतं, आणि एकेक बदलून ते कधीच दिसत नाही.

म्हणून आम्ही तापमान, प्रेशर आणि कूलिंग टाइम या तिन्हींची एक खालची आणि एक वरची किंमत ठरवतो. सगळ्या जोड्या मिळून आठ होतात. प्रत्येक जोडी दोनदा, म्हणजे सोळा. यात प्रेशर बघायचं असेल तर सोळाच्या सोळा ट्रायल उपयोगी पडतात, आठ कमी प्रेशरच्या आणि आठ जास्तीच्या. कूलिंग टाइमसाठी त्याच सोळा दुसऱ्या तऱ्हेने वाटून बघायच्या. एकेक बदलण्याच्या पद्धतीत इतकीच खात्री हवी असेल तर चार सेटिंगना आठ-आठ, म्हणजे बत्तीस ट्रायल लागल्या असत्या. तरी इंटरॅक्शन हाती लागलं नसतं ते नसतंच.

ही पद्धत मुळात शेतातली. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या पिकांच्या, खतांच्या प्रयोगांतून त्यांनी ती उभी केली. दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला ती फोड करून सांगावी लागणार नाही. नवं खत विहिरीकडच्या ओळींना आणि जुनं मुरमाड टोकाला घातलं, तर घड भरले ते खताने की जमिनीने? फिशर यांचा उपाय असा : जमिनीचे सारख्या पोताचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यात दोन्ही खतं घाला, आणि कुठल्या ओळीला कुठलं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आमची जमीन म्हणजे मटेरियलचा लॉट आणि दिवस. पहिल्या दिवशी एका लॉटवर आठही जोड्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॉटवर पुन्हा आठही. क्रम चिठ्ठ्या काढूनच ठरतो, कारण सकाळी मशीनचं तेल गार असतं, दुपारी तापतं, आणि नायलॉन हवेतला ओलावा ओढत राहतं. फक्त मोल्डचं तापमान दर ट्रायलला बदलत नाही. मोल्ड तापून स्थिर व्हायला वेळ लागतो. म्हणून एका तापमानावर चार ट्रायल घेऊन मगच ते बदलतो. त्यामुळे तापमानाबद्दलचा निष्कर्ष थोडा हात राखूनच काढावा लागतो, आणि रिपोर्टात आम्ही तसं लिहितो.

ग्राहक कधी म्हणतात, "एकाच सेटिंगवर पन्नास शॉट मारा की, झाल्या पन्नास ट्रायल." तसं होत नाही. एका दमात निघालेले पन्नास पीस ही एकाच घाण्यातली भजी. तेल नीट तापलं होतं की नाही, हे त्या सगळ्यांत एकदाच उतरतं. सेटिंग मोडून पुन्हा नव्याने लावलं, तरच ती दुसरी ट्रायल. आम्ही प्रत्येक ट्रायलचे सुरुवातीचे शॉट सोडून पाच पीस घेतो, पण हिशेबात त्यांची सरासरी म्हणजे एकच आकडा धरतो.

बदलायच्या गोष्टी सात असतील तर सगळ्या जोड्या १२८ होतात. एवढं कुणालाच परवडत नाही. तेव्हा त्यांतल्या निवडक आठ किंवा सोळाच घेता येतात. अशा निवडीमागचं ऑर्थोगोनल ॲरेचं (कुठल्या जोड्या घ्यायच्या ते सांगणाऱ्या समतोल तक्त्यांचं) गणित १९४० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत सी. आर. राव यांनी मांडलं. ज्यांच्या नावाने आपल्या एमआयडीसीत ही पद्धत ओळखली जाते, ते जपानचे गेनिची तागुची १९५४-५५ मध्ये त्याच संस्थेत येऊन गेले होते. आठात सात बसवले की प्रत्येक गोष्टीचा स्वतःचा परिणाम आणि इंटरॅक्शन एकमेकांत मिसळतात, म्हणून अशी ट्रायल आम्ही महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टी शोधण्यापुरतीच वापरतो.

तुमच्याकडून हवं ते एवढंच. कुठलं माप महत्त्वाचं आहे ते आधी सांगा, आणि नुसतं ओके-रिजेक्ट न करता ते मिमीमध्ये मोजू द्या. ०.४२ आणि ०.७० दोन्ही रिजेक्टच, पण त्यांतला फरकच आम्हाला वाट दाखवतो. मटेरियल दोन वेगळ्या लॉटचं पाठवा. तुमच्या इन्स्पेक्शनचं फिक्स्चर (पीस मोजताना धरून ठेवणारी चौकट) असेल तर तेही द्या, म्हणजे तुमचं आणि आमचं मोजमाप जुळेल. पीस २४ तास ठेवून मगच मोजतो, त्यामुळे रिपोर्ट चौथ्या दिवशी मिळेल. निवडलेल्या सेटिंगवर वेगळ्या दिवशी पुन्हा पीस काढून मोजल्याशिवाय प्रॉडक्शन सुरू करत नाही. ट्रायलच्या प्रत्येक पिशवीवर नंबर असतो. ते पीस कृपया असेंब्लीत मिसळू देऊ नका.