तेल सुटेपर्यंत

धाकट्या बहिणीनं पुण्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कांदा-लसूण चटणी केली. आईला फोन लावून कृती उतरवून घेतली: एक किलो मिरची, अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, धणे, तीळ, खसखस, खडा मसाला, मीठ. कांदा किती वेळ परतायचा, असं विचारल्यावर आई म्हणाली, "तेल सुटेपर्यंत." बहिणीनं वहीत लिहिलं, 'पंधरा मिनिटं'. आषाढात बरणी उघडली तर वर करडी बुरशी आलेली.

कोल्हापूरकराला चटणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की ही पानाच्या डाव्या बाजूला वाढायची चटणी नव्हे. उन्हाळ्यात एकदा करून वर्षभर पुरवायचं हे घरचं तिखट. आमटी, उसळ, मटण, झुणका, सगळ्यात हीच. ती बिघडली की वर्षभराचा स्वयंपाक बिघडतो.

बहिणीची वही आणि आईचं बोलणं शेजारी ठेवलं तेव्हा मला एक गोष्ट नीट दिसली. आईच्या कृतीत वजनं आहेत, वेळ कुठंच नाही. वेळेच्या जागी खुणा आहेत. 'बी खुळखुळलं पाहिजे', 'खोबरं बदामी झालं पाहिजे', 'तेल सुटलं पाहिजे', 'मूठ धरली पाहिजे'. मला त्या वर्षानुवर्षं अंदाजाच्या गोष्टी वाटायच्या. पण त्या अंदाज नाहीत, मोजमाप आहे. प्रत्येक खूण ओलावा नाहीतर तापमान सांगते, आणि भरवशानं सांगते.

सुरुवात मिरचीपासून. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी जवारी. प्रमाण घराघराचं वेगळं. ऊन दिलेली मिरची कानाशी धरून हलवायची. आत बी खुळखुळलं तर ती वाळली. मग एक मोडून बघायची: वाकली तर अजून ऊन हवं, कट्‌कन तुटली तर झाली. वनस्पतीच्या पेशींत पाणी असतं तोवर त्यांचे लांबलचक रेणू एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून मिरची रबरासारखी वाकते. पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की तेच रेणू जागच्या जागी घट्ट होतात आणि मिरची काचेसारखी तुटते. पदार्थविज्ञानात या बदलाला खरोखरच 'काच-संक्रमण' म्हणतात. आई त्याला 'कडकडीत' म्हणते.

आता कांदा, कारण घोळ तिथंच झाला. अर्धा किलो कांद्यात सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. ते सगळं कढईतून वाफ होऊन जायला हवं. पाणी आहे तोवर कढईखाली आच कितीही मोठी असो, कांद्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूवर अडकून राहतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, म्हणून इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तेवढ्यात कांदा शिजतो, मऊ पडतो, पण खमंग होत नाही. खमंगपणा येतो तो साखर आणि अमिनो आम्लं यांच्या अभिक्रियेतून. १९१२ साली लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. ही अभिक्रिया जोमानं चालायला १४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे आधी पाणी जाणार, मग तापमान चढणार, मग रंग आणि वास येणार. हा क्रम कुणाला चुकवता येत नाही.

आणि पाणी गेलं हे कळायचं कसं? सुरुवातीला कढई चर्रचर्र वाजते, कारण तेलाखालचं पाणी वाफ होऊन फुटत असतं. पाणी सरत आलं की आवाज बसत जातो. तोवर कांद्याच्या रसात बारीक थेंब होऊन अडकलेलं तेल मोकळं होतं आणि कडेला दिसू लागतं. हेच 'तेल सुटणं'. वेळ सांगून हे जमत नाही, कारण वेळ आचेवर, कढईच्या रुंदीवर, कांदा नवा की जुना यावर ठरते. बहिणीच्या छोट्या खोल पातेल्यात पंधरा मिनिटांनी कांदा गुलाबी झाला होता, कोरडा झालेला नव्हता.

उरलेलं ते पाणी पुढं बुरशीला मिळालं. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा जंतूंना वापरता येईल असं पाणी किती, हे महत्त्वाचं. त्याला जलक्रिया म्हणतात आणि ती शून्य ते एक अशी मोजतात. शुद्ध पाण्याची एक. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली थांबतात, बुरशी त्याहून बरीच खाली तग धरते, ०.६ च्या खाली मात्र कुणाचंच काही चालत नाही. मिठाचे खडे उरलंसुरलं पाणी स्वतःशी बांधून ठेवतात, म्हणून चटणीत मीठ हात आखडून घालायचं नसतं.

बहिणीनं विचारलं होतं की वरचा थर काढून खालची चटणी वापरू का. नाही. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच खाली गेलेले असतात. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतल्या याच विषानं. ते यकृताला घातक आहे आणि घरच्या फोडणीनं, उकळीनं नष्ट होत नाही. कुठली बुरशी विषारी आणि कुठली साधी, हे बघून ओळखता येत नाही. जीव तुटला तरी बरणी रिकामी करायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला मिरची-मसाला कांडायचा डंक आहे. एप्रिलमध्ये तिथं नंबर लागतात. लोखंडी मुसळं पट्ट्यावर खालीवर होत असतात आणि दारात उभं राहिलं तरी ठसका लागतो. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन सहज उडून जाणारं द्रव्य नाही. आपल्या घशाला लागते ती मिरचीची अतिबारीक धूळ. डंकावरच्या मावशी आधी मिरची-मीठ, मग मसाला, शेवटी भाजलेलं खोबरं आणि तळलेला कांदा-लसूण टाकतात. मिक्सरचं पातं वेगानं फिरून माल तापवतं आणि वासाची हलकी तेलं उडून जातात. मुसळ तुलनेनं संथ, चेचून काम करतं. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं, तिळातही जवळपास निम्मं. ते चेचून बाहेर येतं आणि तिखटाच्या कणाकणावर बसतं. मावशी मुठीत घेऊन दाबतात. गोळा झाला आणि तळव्यावर लाल तेलकट ठसा उमटला की म्हणतात, "झाली. घेऊन जावा."

त्या ठशाचा लाल रंग कॅप्सॅन्थिन नावाच्या रंगद्रव्याचा. रंगही तेलात विरघळणारा, तिखटपणाही. म्हणून तांबड्या रश्श्यावर जो कट तरंगतो, त्यात रंग, तिखट आणि वास तिन्ही एकवटलेले असतात. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे सगळा ऐवज वर येतो. आणि म्हणूनच झणझणलं की पाणी पिऊन काही होत नाही. पाणी तिखटाला धुऊन नेत नाही, तोंडभर पसरवतं. जिभेवरचा जो ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, तिखटाला जाग देतो, तोच ४३ अंशांपुढच्या उष्णतेलाही जाग देतो. म्हणून तिखट 'भाजतं'. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. दूध-दह्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून बाजूला नेतं. पांढऱ्या रश्श्यात केसिन नसेल, पण नारळाच्या दुधाची, काजू-खसखशीची स्निग्धता आहे, आणि तिखट तिच्यात उतरतं. फक्त तो कोमट झाल्यावर प्यावा. कढत असेल तर तोच ग्राहक पुन्हा पेटतो.

पांढऱ्या रश्श्याचीही खूण आहेच: 'उकळी फुटू द्यायची नाही, सारखं ढवळायचं.' नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे असंख्य थेंब. ते प्रकाश सगळीकडं विखुरतात म्हणून रस्सा पांढरा दिसतो. त्या थेंबांना वेगळं ठेवणारी प्रथिनं फार तापली की गोळा होतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि रस्सा फुटतो.

यंदा बहिणीनं मिनिटं लिहिली नाहीत. मार्चमध्ये ती घरी आली, फोन कढईशेजारी टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. चित्रात भिंतच दिसते. आवाज मात्र पूर्ण आहे: आधी जोराची चर्रचर्र, मग ती विरळ होत जाते, मधे उलथण्याचा खणखणाट, आई बाहेर कुणाला तरी दूध आत ठेवायला सांगते, आणि मग जवळजवळ शांतता. तेवढ्यात आईचा आवाज येतो, "ऐकलंस? आता बंद कर गॅस."