नाटकावरची बंदी आणि नाटकाचं सेन्सॉर: कृपया एकच समजू नका

'इंग्रजांनी १८७६ साली नाट्य सेन्सॉर बोर्ड आणलं' हे वाक्य कितीदा खोडायचं? १८७६ चा कायदा बंदीचा. प्रयोगाआधी संहिता तपासणारं महाराष्ट्रातलं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ स्वातंत्र्यानंतरचं, मुंबई पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३३ वर उभं.

१८७६ च्या कायद्याची गोष्ट बहुतेकांना पाठ असते: कलकत्त्यात ब्रिटिश राजपुत्राच्या भेटीवर प्रहसन झालं, फेब्रुवारीत वटहुकूम, डिसेंबरात कायदा. नाटक बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती पसरवणारं किंवा नीती बिघडवणारं वाटलं की मनाईहुकूम. मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धार्मिक उत्सवांतल्या जत्रांचे खेळ वगळले होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

गफलत होते ती क्रमात. बंदीत नाटक आधी उभं राहतं, सरकार मागून येतं. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगमंचावर आलं. प्रेक्षकांनी कीचकात व्हाइसरॉय कर्झन ओळखला, तरी बंदी यायला १९१० उजाडलं. तोवर प्रयोग होतच राहिले. (कलम १० खाली परवान्याची सक्ती करता येई, पण त्यासाठी हे कलम कोणत्या भूभागाला लागू, ते आधी जाहीर करावं लागे.)

परिनिरीक्षणात सगळं उलटं. संहिता आधी मंडळाकडे, मग प्रमाणपत्र, मग तिसरी घंटा. सरकारला 'बंदी' हा शब्द उच्चारावाच लागत नाही. फाइल नुसती पडून राहिली तरी प्रयोग अडतो. वाटाघाट होते ती एकेका शब्दावर: ही शिवी काढा, तो संवाद बदला. 'सखाराम बाइंडर'च्या कापाकापीविरुद्ध दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं. बंदी निदान उघड्यावर येऊन भांडते. मला दोन्ही नकोत, पण निवडायचीच तर मी बंदी निवडेन.

चित्रपटाच्या सेन्सॉरशी फरक एवढाच, की तिथे तयार चित्रपट पाहतात, इथे कागद वाचतात. आणि 'घाशीराम कोतवाल'चे सुरुवातीचे प्रयोग ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवले होते. त्याला सरकारी बंदी म्हणू नये.

२०१८ साली १८७६ चा कायदा रद्द झाला. मंडळाच्या टेबलावरची संहिता जागची हलली नाही, कारण ती त्या कायद्याखाली तिथे आलेलीच नव्हती.