विदर्भातील खेडी, वृद्ध माणसे आणि शिजवलेले जेवण: पार्श्वभूमी

15 ऑगस्ट 1995 या एकाच दिवशी केंद्र सरकारच्या दोन योजना सुरू झाल्या. पहिली प्राथमिक शाळेतील मुलांच्या पोषणाची होती; दुसरीत 65 वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा 75 रुपये देण्याची तरतूद होती. मुलांनाही तेव्हा शिजवलेले अन्न मिळत नव्हते. बहुतेक राज्यांप्रमाणे महाराष्ट्रातही 80 टक्के हजेरी भरणाऱ्या मुलाच्या घरी महिन्याला 3 किलो तांदूळ जात असे. म्हणजे आरंभी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती: एकाला कोरडे धान्य, दुसऱ्याला रोख रक्कम, आणि चूल ज्याची त्याने पेटवायची. पुढील काही वर्षांत मुलांसाठी शाळेत चूल आली. वृद्धांसाठी ती का आली नाही, हे पाहिल्याशिवाय विदर्भातील गावांत आज एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या जेवणाचा प्रश्न उलगडत नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाड आणि मध्य प्रांत (आजचा विदर्भ याच दोहोंत होता) होरपळून निघाले. काम करू न शकणाऱ्या वृद्ध व अपंगांना फुकट मदत देण्याचे तत्त्व तेव्हाच्या दुष्काळ संहितेत होते, आणि मध्य प्रांतात 1900 च्या पावसाळ्यात सरकारी अन्नछत्रे मोठ्या प्रमाणावर चालवली गेली. संकट सरले की ती बंद झाली. पुढे 1972 च्या दुष्काळानंतर राज्याने रोजगार हमीचा मार्ग धरला आणि 1977 मध्ये त्याचा कायदा केला. अंगमेहनत करू शकणाऱ्यांना त्यातून आधार मिळाला. ज्यांचे हातपाय थकले त्यांच्यासाठी 1980 मध्ये निराधार अनुदान योजना आली. तेव्हापासून वृद्धांची सोय म्हणजे अनुदान, ही शासकीय समजूत पक्की होत गेली. गावातील पंगती, भंडारे, सप्ताहाचा महाप्रसाद यांनी या काळात अनेकांना जेवू घातले आणि त्यांचे मोल मोठे आहे, परंतु ते तिथीवर अवलंबून असतात आणि भूक रोजची असते.

1995 मध्येच, 1 मे रोजी, राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली होती. बसस्थानके, बाजार आणि तालुक्याची गावे ही त्यांची ठिकाणे होती. पाच वर्षांत अनुदान थांबले, अनेक केंद्रांची साधी उपाहारगृहे झाली आणि जागांचे वाद तेवढे मागे उरले. या अनुभवामुळे स्वस्त शिजवलेले अन्न म्हणजे गैरव्यवहाराला वाव, असे मत प्रशासनात आणि लोकांतही रुजले. पुढच्या निर्णयांवर त्याची छाया दीर्घकाळ राहिली.

1 एप्रिल 2000 पासून केंद्राने अन्नपूर्णा योजना आणली. निवृत्तिवेतनाला पात्र असूनही ते न मिळणाऱ्या वृद्धांना दरमहा 10 किलो धान्य मोफत मिळू लागले. नोव्हेंबर 2001 मध्ये, अन्नाच्या हक्काविषयीच्या जनहित याचिकेत, सर्वोच्च न्यायालयाने शाळांमध्ये तांदूळ वाटण्याऐवजी शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात वृद्धांचे निवृत्तिवेतन महिन्याच्या 7 तारखेपूर्वी द्यावे आणि अन्नपूर्णेचे लाभार्थी निश्चित करावेत, असेही म्हटले होते. मुलांसाठी धान्याचे रूपांतर खिचडीत झाले, वृद्धांसाठी धान्य धान्यच राहिले. 2003 मध्ये अतिगरीब कुटुंबांना स्वस्त धान्य देणाऱ्या अंत्योदय योजनेचा विस्तार करताना विधवा, अपंग आणि उपजीविकेचे खात्रीचे साधन नसलेले 60 वर्षांवरील कुटुंबप्रमुख यांचा समावेश झाला आणि अशा कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळू लागले. ही मोठीच मदत होती, तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग देशात अज्ञात होता असेही नाही. तमिळनाडूत 1982 मध्ये मुलांसाठी सुरू झालेल्या जेवणाच्या योजनेत 1983 च्या जानेवारीपासून वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही सामावून घेतले गेले होते, तेही त्याच केंद्रांतून आणि त्याच स्वयंपाकातून. ओडिशाच्या दुष्काळी जिल्ह्यांतही अंगणवाडी केंद्रांमार्फत निराधार वृद्धांना शिजवलेले अन्न देण्याचा कार्यक्रम अनेक वर्षे चालला.

धान्य आणि जेवण यांतले अंतर विदर्भात विशेष जाणवते. अमरावती विभाग आणि वर्ध्याकडील म्हातारी माणसे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली आहेत. कापूस आणि त्यानंतर सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र खाल्ले आणि कंट्रोलच्या (रेशनच्या) दुकानातून गहू व तांदूळ येऊ लागला. गहू निवडायचा, चक्कीवर न्यायचा, दळण डोक्यावर किंवा काखेत घेऊन परतायचे, कणीक मळायची आणि पोळ्या लाटायच्या, हे सारे पंचाहत्तरीच्या एकट्या बाईने एका माणसासाठी रोज करायचे असते. दात नसलेल्या माणसाला पोळी वरणात भिजवून खावी लागते. वरणासाठी तूर डाळ मात्र विकतच घ्यावी लागते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात तांदूळ शिजवणे त्या मानाने सोपे, पण तिथेही भाताबरोबर काय, हा प्रश्न उरतोच. सरपणासाठी जंगलात जाणे ताडोबाच्या आसपासच्या गावांत जिवावर बेतू शकते, आणि गॅसचे सिलिंडर असले तरी ते भरून आणण्याचे पैसे अनुदानातूनच काढावे लागतात. परिणाम असा होतो की सकाळी एकदाच रांधले जाते, तेच संध्याकाळी खाल्ले जाते, आणि मधल्या वेळी चहा-टोस्टवर भागवले जाते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या जातात. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा टिनाच्या छपराखाली चुलीपुढे बसणे हाच एक आजार होतो. घरातली तरुण माणसे कामासाठी नागपूर, पुणे, मुंबईकडे गेलेली असतात; कित्येक घरांत शेतकरी मुलाच्या आत्महत्येनंतर वृद्ध आईवडील मागे राहिलेले असतात. त्यांच्या दृष्टीने दुपारी चार माणसांत बसून जेवण्याला अन्नाइतकेच महत्त्व आहे. कोण आज आले नाही, कोण खाटेवर पडून आहे, हे जेवणाच्या वेळीच कळते.

या सगळ्या इतिहासात ज्या निर्णयाकडे सर्वांत कमी लक्ष गेले तो 2013 चा. अन्नसुरक्षेचे विधेयक डिसेंबर 2011 मध्ये लोकसभेत मांडले गेले, तेव्हा त्यात दोन वेगळी कलमे होती. एका कलमानुसार प्रत्येक निराधार व्यक्तीला दिवसातून किमान एक जेवण मोफत मिळण्याचा हक्क होता. दुसऱ्यानुसार बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरांतून परवडणाऱ्या दरात जेवण मिळणार होते. अन्न मिळवण्याची साधने आणि आधार इतके तुटलेले की उपासमारीची भीती आहे, अशा माणसांना विधेयकाने निराधार मानले होते. जुलै 2013 च्या अध्यादेशात आणि सप्टेंबरमध्ये झालेल्या कायद्यात ही दोन्ही कलमे राहिली नाहीत. गर्भवती व स्तनदा माता आणि मुले यांच्या जेवणाचा हक्क कायम राहिला. वृद्धांचा उल्लेख तिसऱ्या अनुसूचीत आला, तोही पुरेसे निवृत्तिवेतन द्यावे यासाठी आणि सरकारने त्या दिशेने क्रमाक्रमाने जाण्याचा प्रयत्न करावा, एवढ्याच बळाचा.

कलमे गाळण्याच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे गंभीर आहेत. निराधार कोण हे ठरवायचे कसे, यादी कोणी करायची, रोज किती ताटे लागतील हे आधी कसे कळणार, आणि शिजवलेल्या अन्नात चोरी झाली तर ती धान्यापेक्षा लपवणे सोपे असते, असे त्यांचे स्वरूप आहे. आपल्या पैशाने किंवा धान्याने हवे ते करता येणे यात प्रतिष्ठा आहे, हा आणखी एक युक्तिवाद, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु हेच सारे आक्षेप शाळेच्या खिचडीवरही घेता आले असते आणि घेतले गेलेही. तिथे उत्तर म्हणून शाळा समित्या, नोंदवह्या आणि तपासणी उभी राहिली, हक्क काढून घेतला गेला नाही. निराधाराची ओळख पटवणे अवघड, हे कारण तर अधिकच अपुरे वाटते, कारण राज्य सरकार 1980 पासून निराधार अनुदानासाठी नेमकी तशीच यादी तहसील कार्यालयांत करत आले आहे. वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असण्याची तिची अट अतिशय कडक आहे, म्हणजे यादी फुगण्याची भीतीही मोठी नाही. विधेयकातले हे कलम टिकले असते तर गावातील वृद्धांचे जेवण सरकारच्या मर्जीचा विषय न राहता न्यायालयात दाद मागण्याचा विषय झाले असते. पुढचे सारे याच पोकळीत घडले.

24 जुलै 2015 च्या निर्णयानुसार राज्याने 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य दिले. त्यांत अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि वर्धा होता. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी 150 रुपये बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. तेव्हा खुल्या बाजारात 150 रुपयांत 5 किलो गहूदेखील येत नव्हता, आणि खाते बऱ्याचदा कर्त्या मुलाच्या हाती असते. श्रावणबाळ (राज्याची वृद्धांसाठीची निवृत्तिवेतन योजना) आणि निराधारचे पैसे 2019 मध्ये 600 वरून 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 रुपये झाले. वाढ स्वागतार्हच होती, पण दिशा तीच राहिली.

शिजवलेल्या अन्नाकडे राज्य पुन्हा वळले ते 26 जानेवारी 2020 रोजी. दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागल्यावर दर पाच रुपयांवर आला आणि केंद्रे तालुक्यांपर्यंत पोहोचली. 2021 मध्ये काही महिने थाळी मोफत होती. हा काळ ग्रामीण भागासाठी सर्वांत महत्त्वाचा ठरला, कारण जेवण बांधून नेण्याची मुभा मिळाली आणि शेजाऱ्याकरवी घरी आणलेली थाळी खाटेवरच्या माणसापर्यंत पोहोचू शकली. तरी दोन अडचणी मुळातच होत्या. सरकारी हिशेबात एका थाळीची किंमत शहरात 50 रुपये तर ग्रामीण भागात 35 रुपये धरली होती, जणू डाळ आणि तेल गावात स्वस्त मिळते. शिवाय केंद्र तालुक्याच्या ठिकाणी आणि दुपारच्या ठराविक दोन तासांत, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावातील वृद्धाला थाळीपेक्षा तिथवरचा प्रवास महाग. पुढे देयके थकल्याच्या तक्रारी केंद्रचालक करत राहिले.

नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सामुदायिक स्वयंपाकघरांची देशव्यापी योजना तयार करण्यास सांगितले होते. 22 फेब्रुवारी 2024 रोजी त्याच प्रकरणात, अन्नसुरक्षेचा कायदा आणि इतर योजना अस्तित्वात असल्याचे नमूद करून, न्यायालयाने तसा आदेश देण्यास नकार दिला आणि पर्याय शोधणे राज्यांवर सोपवले. ज्या कायद्याचा आधार घेतला गेला त्यातून निराधारांच्या जेवणाचे कलम आधीच गळलेले होते. त्याच वर्षी राज्याने 65 वर्षांवरील वृद्धांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये देण्याची योजना सुरू केली.

सध्या गावातील शाळेच्या स्वयंपाकाची जबाबदारी शिक्षण विभागाकडे आहे. मेळघाट आणि गडचिरोलीसारख्या भागांत गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक चौरस जेवण देणारी, 2015 ची योजना आदिवासी विकास विभागाची आहे. थाळी अन्न व नागरी पुरवठा विभागाकडे आणि वृद्धांचे अनुदान सामाजिक न्याय विभागाकडे आहे. स्वयंपाकघर आणि लाभार्थ्यांची यादी अशा वेगवेगळ्या विभागांकडे असल्याने शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या चुलीवर वृद्धांसाठी चार मुठी तांदूळ जास्त टाकायचे झाले, तर त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा याचा निर्णय यांपैकी कोणत्याही विभागाने अद्याप घेतलेला नाही.