बाळंतिणीचे घड्याळ

सव्वा महिना उलटतो, मदतीला आलेली माणसे आपापल्या घरी परततात आणि बाळंतिणीच्या मनात येते की आता पूर्वीसारखे पहाटे उठावे, फिरायला जावे, वेळेवर जेवावे. दोन-तीन दिवस हे जमते. मग एखाद्या रात्री बाळ चार वेळा उठते आणि सगळा बेत कोलमडतो. त्याचा दोष तिच्या आळसाला देणे हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे, कारण सवय केवळ निश्चयावर टिकत नाही; ती खुणेवर टिकते.

ठरलेली वेळ, ठरलेली जागा किंवा आधीचे एखादे काम, अशी खूण मिळाली की मेंदू पुढची कृती फारसा विचार न करता सुरू करतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना रोज एक साधी नवी गोष्ट करायला सांगितली, तेव्हा ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले; मात्र माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हा त्यातला निष्कर्ष प्रत्येक नव्या आईला आवर्जून सांगावासा वाटतो.

नवजात बाळाला पहिले दोन-तीन महिने दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही, कारण झोपेची लय सांभाळणाऱ्या मेलाटोनिनचे चक्र त्याच्या शरीरात अजून बसलेले नसते. साहजिकच आईच्या घड्याळातल्या जुन्या खुणाही पुसल्या जातात. पण त्याच वेळी एक नवी, भरवशाची खूण तिच्या हाती येते. बाळ दिवसाकाठी आठ ते बारा वेळा दूध पिते.

बाळ पिऊ लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन स्रवते, पान्हा फुटतो आणि पुष्कळ जणींना त्याच क्षणी घसा कोरडा पडल्यासारखी तहान लागते. सुरुवातीच्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळ येते तीही याच संप्रेरकामुळे. प्रसूतीनंतर सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय आकुंचन पावत सहा आठवड्यांत ६०-७० ग्रॅमपर्यंत येते. पाजताना अशी तहान लागते, म्हणून पाजायला बसण्याच्या जागी पाण्याने भरलेला तांब्या आणि पेला आधीच ठेवावा. बाळंतिणीने पाणी बेतानेच प्यावे, ही काही घरांतली समजूत सोडून दिलेली बरी.

दुसरी सवय ओटीच्या तळाच्या स्नायूंची. बाळाची ढेकर काढून झाली की लघवी रोखल्यासारखे ते स्नायू आत ओढावेत, श्वास न रोखता चार-पाच सेकंद धरावेत आणि सैल सोडावेत. शस्त्रक्रिया झाली असेल किंवा टाके दुखत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आहाराच्या बाबतीत मात्र घाई नको. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळजवळ एक छोटे जेवण, त्यामुळे वजन उतरवण्यासाठी उपाशी राहण्याचा हा काळ नव्हे. अळिवात लोह चांगले असते. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर ते अधिक शोषले जाते, आणि लगेच चहा घेतला तर कमी. प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यावी, असे सरकारी कार्यक्रमात सांगितले आहे. ती दुपारी पाजून झाल्यावर घ्यायची असे ठरवले की विसरत नाही. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी घ्यावी.

झोपेचे काम एकटीने होणारे नाही. रात्री पाजून झाल्यावर ढेकर काढणे आणि दुपटे बदलणे हे बाळाच्या वडिलांनी आपल्याकडे घेतले, तर प्रत्येक वेळी तिला थोडी जास्त झोप मिळते. उदासी, रडू येणे हे दोन आठवड्यांपलीकडे टिकले, तर ते थकव्यावर न ढकलता डॉक्टरांकडे जावे.

सकाळच्या पाजण्यानंतर दहा मिनिटे चालून फिरण्याची सुरुवात करावी. आठवड्याला १५० मिनिटांचा टप्पा हळूहळू गाठता येतो. तीन महिन्यांच्या आसपास बाळाची रात्र थोडी लांबू लागते, दोन पाजण्यांमधले अंतर वाढते आणि तेव्हा तेच फिरणे पुन्हा पहाटेकडे सरकवता येते.